‘इसेन्शियल ठेवा, बाकी उडवा’? थांबा जी!

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘शाळेतल्या जुन्या लिनक्स कम्प्युटरवर इसेन्शियल पॅकेजं तेवढी ठेवा, बाकी काढा. मशीन सुसाट पळेल. चुकलं तर सिस्टिमच अडवेल.’ लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिचं सॉफ्टवेअर पॅकेज नावाच्या गठ्ठ्यांत येतं. एका गुरुजींनी लगेच करून पाहिलं. संध्याकाळी फोन आला, “भाऊ, वायफायचं चिन्हच दिसत नाही, काहून?”

‘इसेन्शियल म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं’, इथेच गफलत आहे. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत हा शिक्का फार थोड्या पॅकेजांवर असतो: बॅश, कोअरयुटिल्स, ग्रेप, सेड, टार, डीपीकेजी (पॅकेजं टाकणारं-काढणारं) अशी पडद्यामागे राबणारी वीस-पंचवीस नावं. त्यात कर्नल (सिस्टिमचा गाभा) नाही, ब्राउझर नाही, वायफाय जोडून देणारं नेटवर्क मॅनेजरही नाही. अट अशी की एकदा नीट बसलेलं असं पॅकेज अपडेटमध्ये नुसतं उलगडून पडलं, कॉन्फिगर (शेवटची जुळणी) व्हायचं राहिलं, तरी त्याचं मूळ काम चाललं पाहिजे. आमच्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. अपडेट निम्म्यावर आलं की लाइन जाते. परत आल्यावर डीपीकेजीला अर्धवट राहिलेलं पुरं करायचं असतं, आणि त्या कामाच्या स्क्रिप्टा (आज्ञांच्या याद्या) सेड-ग्रेपसारख्या याच पॅकेजांच्या भरवशावर तर चालतात!

‘चुकलं तर सिस्टिम अडवेल’ हे अर्धंच खरं. लग्नातला आचारी सामानाची यादी देतो तेव्हा डाळ, तेल, मीठ लिहितो. पाणी लिहीत नाही, ते असणारच असं धरून चालतो. डेबियनचा नियमही तसाच: ठरावीक आवृत्तीच हवी असेल तेवढं सोडलं तर इसेन्शियल पॅकेजाला कोणी आपल्या डिपेन्डन्सीत (‘मला हे हे लागतं’ या यादीत) लिहीत नाही. म्हणजे ग्रेप काढलं तर कोणाकोणाचं अडेल हे यादीवरून कळणारच नाही. म्हणून तर डीपीकेजी ते काढायला सरळ नकार देतो, आणि ॲप्ट (नेटवरून पॅकेजं आणून डीपीकेजीकडे देणारं साधन) कित्येक वर्षं ‘येस, डू ॲज आय से!’ असं अख्खं वाक्य टाइप करून घ्यायचं. २०२१ मध्ये यूट्यूबर लायनस सबॅस्टियनने पॉप ओएसवर (उबुंटूवरून बनलेली सिस्टिम) स्टीम हे गेमांचं ॲप टाकताना ते वाक्य टाइप केलं आणि डेस्कटॉपच गमावला. पण नेटवर्क मॅनेजर काढायला असली राखण नाही. साधं ‘हो’ पुरतं.

सुसाट पळण्याचं म्हणाल तर डिस्कवर नुसतं पडून असलेलं पॅकेज रॅम खात नाही. खातं ते चालू असलेलं.

आणि त्या मेसेजच्या तळाशी ‘बिल्ड-इसेन्शियल तर असायलाच पाहिजे’ असंही आहे. नावाचा घोळ, दुसरं काही नाही. ते जीसीसी, मेक असली कोड कंपाइल करायची, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवायची हत्यारं आणतं. शाळेच्या मशीनवर नसलं तरी काही अडत नाही.

गुरुजींचं मशीन नेटविना होतं, म्हणजे नेटवर्क मॅनेजर परत टाकायला नेटच नाही. दुसऱ्या लॅपटॉपवर पॅकेजं उतरवून पेनड्राइव्हवर नेली, त्यात एक राहिलं, म्हणून तेवढ्यासाठी दुसरी चक्कर. आता ते काहीही काढण्याआधी ॲप्टला ‘सिम्युलेट’ (खरं न काढता नुसती तालीम) करायला लावतात आणि काय काय जाईल त्या यादीचा फोटो मला पाठवतात.