'साधा श्रोता' यांना उत्तर (लांबलंय, आधीच सांगते)

गेल्या आठवड्यात मी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधल्या सोमवारच्या रात्रीवर लिहिलं होतं. कौतुकाच्या दहा प्रतिक्रिया आल्या, त्या सगळ्यांना हात जोडलेला इमोजी टाकून मी मोकळी झाले, आणि रविवारी सकाळी चहा घेता घेता ही अकरावी वाचली. चहा गार झाला. मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको म्हणून अख्खी इथे देते:

"ताई, लेख वाचला. बिल एव्हान्सचं व्हॅनगार्डमधलं रेकॉर्डिंग १९६१ चं आहे, तुम्ही १९६२ लिहिलंय. त्याच रेकॉर्डिंगमध्ये ग्लासांचे आवाज आणि लोकांच्या गप्पा स्वच्छ ऐकू येतात, त्यामुळे 'इथे पहिल्यापासून टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता' हे टिकत नाही. सव्वाशे खुर्च्यांच्या तळघराची हजारोंच्या मांडवाशी तुलना करून आपल्या श्रोत्यांना नावं ठेवणं बरोबर नाही, हे सवाईत आयुष्यभर बसलेला माणूस म्हणून सांगतो. शिवाय चाळीस डॉलर मोजू शकतो तोच आत येतो, हेही लिहायला हवं होतं. बाई, खरं सांगू का, तुम्ही तिथे ऐकायला नाही, 'ऐकून आले' हे लिहायला गेला होतात."

आधी चूक मान्य करते. १९६१ च. २५ जून १९६१, रविवार, दुपार आणि रात्र मिळून पाच सेट, म्हणजे पाच बैठका, वाजवल्या पियानोवाल्या एव्हान्सने आणि त्याच्या साथीदारांनी, आणि अकराव्या दिवशी त्यांचा बेसवाला स्कॉट लाफारो गाडीच्या अपघातात गेला, पंचवीस वर्षांचा पोरगा. हे सगळं मला पाठ आहे, टाइप करताना एकच्या जागी दोन पडला इतकंच. दुरुस्त केलंय. धन्यवाद, अगदी मनापासून. (मी चूक मान्य करणाऱ्यांतली आहे हे नोंदवून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.)

आता 'ताई'चं बघू. प्रतिक्रियेची सुरुवात 'ताई' आणि शेवट 'बाई'. सहा वाक्यांत. हा प्रवास मराठीत कसा होतो ते आपल्या सगळ्यांना माहितीये. ताई म्हणजे 'तुमचं ऐकतोय', बाई म्हणजे 'झालं ऐकून, आता तुम्ही ऐका'. सुट्टे पैसे नसले की रिक्षात हाच सूर लागतो, फॉर्मवर एक सही राहिली की बँकेच्या खिडकीतून हाच सूर येतो. माझ्या जागी कुणी दादा असता तर शेवटच्या वाक्यात त्याचा बुवा झाला असता का? आणि झाला असता तरी त्याला आवडलंच असतं म्हणा, गाण्याच्या क्षेत्रात बुवा म्हणजे मानच. आमचं तसं नसतं.

आणि 'साधा श्रोता' हे नाव! ज्याला बिल एव्हान्सचं साल झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं तो साधा कसला हो? साधा माणूस स्वतःला साधा म्हणवून घ्यायला जात नाही, त्याच्या ते ध्यानातही नसतं.

असो. मुद्द्यावर येते. तुमचं शेवटचं वाक्य. ऐकायला नाही, लिहायला गेले. हे वाक्य मी रविवारपासून डोक्यात घेऊन फिरतेय, म्हणजे तुमचं काम झालं.

मी व्हॅनगार्डला बारा वर्षं जातेय. जर्सी सिटीतून पाथ ट्रेन पकडायची, फोर्टीन्थ स्ट्रीटला उतरायचं, सेव्हन्थ अॅव्हेन्यूवरून खाली चालत यायचं की ती लाल कनात दिसते आणि तिच्याखालचा दरवाजा, ज्यातून पायऱ्या सरळ तळघरात जातात. बारा वर्षांत किती वेळा ते मोजलेलं नाही पण तीसच्या खाली नक्की नाही, आणि त्यातल्या किती वेळांवर मी लिहिलं? एका. गेल्या आठवड्याच्या. लिहायलाच जात असते तर माझ्या ब्लॉगवर दुसरं काही दिसलंच नसतं, तुम्हाला माझी आवळ्याच्या लोणच्याची पोस्ट कधी वाचायला मिळालीच नसती (ती तुम्ही वाचलेली नसणार).

आणि लिहायला जाणारा माणूस सोमवारी जात नाही. सोमवारी तिथे मोठं नाव नसतं, ऑर्केस्ट्रा असतो. सोळा माणसं. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पियानो, बेस, ड्रम, सगळं त्या शंकरपाळीएवढ्या स्टेजवर. खोलीच मुळात पाचरीसारखी, निमुळत्या टोकाला स्टेज. पुढच्या टेबलावर बसलं तर ट्रॉम्बोनवाल्याने दांडा पुढे सरकवला की आपण आपोआप मान मागे घेतो. थॅड जोन्स आणि मेल लुइस या दोघा वादकांनी ७ फेब्रुवारी १९६६ च्या सोमवारी हे सुरू केलं, कारण सोमवार क्लबांचा भाकड दिवस आणि दिवसभर स्टुडिओत दुसऱ्यांचं वाजवून कंटाळलेली चांगली वाजवणारी माणसं त्या रात्री मोकळी असायची. थॅड १९७९ मध्ये डेन्मार्कला निघून गेला, मेल १९९० मध्ये वारला, सोमवार मात्र राहिला. आपल्याकडे गुरुवारचं भजनी मंडळ असतं ना, बुवा गेले तरी गुरुवार राहतो, अगदी तसं. भजनी मंडळाला कुणी मिरवायला जातं का?

शिवाय तिथे फोटो काढू देत नाहीत, रेकॉर्डिंग नाही, फोन बाहेर काढला की माणूस येऊन सांगतो. मिरवायला मी नेणार काय? आता तुम्ही म्हणाल पेपर नॅपकिन. हो, मीच लेखात लिहिलं होतं की मधल्या एका तुकड्याला मी पर्समधून पेन काढून नॅपकिनवर दोन ओळी खरडल्या. तुम्ही ते पकडलंत हे मला कळलंय, नाव घेतलं नाहीत एवढंच. त्या दोन ओळी काय होत्या सांगते. एक ओळ होती 'ड्रमवाला ब्रश हळू फिरवतो तेव्हा भाकरी थापल्यासारखा आवाज', आणि दुसरी होती 'दूध आणणे'. यात लिहायला गेलेली बाई दिसते का तुम्हाला? दिसत असेल तर दिसो.

तरी ते वाक्य जात नाही डोक्यातून. का, तर ते दुसऱ्या कुणाला म्हणाला असतात तर मी हसून सोडलं असतं, पण ऐकण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये अशी माझी एक खोड आहे आणि ती घरातून आलीये. मी मिरजेची. तुम्ही पुण्याच्या सवाई महोत्सवाचं सांगता, सांगा, पण कुणाला सांगताय ते तरी बघा! तुमचे सवाई गंधर्व ज्यांचे शिष्य, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आमच्या मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. १९३७ मध्ये ते तिकडे दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर गेले आणि त्यांना मिरजेला आणलं. दर वर्षी उरसात तिथे गाणं असतं. आमच्या शाळेच्या वाटेवर तंबोऱ्यांची दुकानं, पंढरपूरकडून आलेले भोपळे दाराशी रांगेत मांडलेले, आत कुणीतरी जवारी लावत, म्हणजे तारेचा नाद जुळवत, बसलेलं, एकच तार शंभर वेळा. आम्ही पोरं तिथे उभी राहायचो ते काय लिहायला? बाबा रेल्वेत होते, त्यांना 'सा' आणि 'प' यातला फरक कळत नव्हता असं ते स्वतः सांगायचे, पण उरसाला ड्यूटी बदलून घ्यायचे. मला सहाव्या वर्षी पहिल्यांदा नेलं. चिंचेच्या झाडाखाली सतरंजीवर बसलो होतो, रात्री कधीतरी मी बाबांच्या मांडीवर झोपले, जागी झाले तर कुणी तरी तोडी गात होतं आणि बाजूच्या आजी तांब्यातलं पाणी पीत होत्या, मागे चहाच्या कपबशा वाजत होत्या, लोक येत होते, उठून जात होते, दर्ग्यात फुलं वाहून परत येऊन बसत होते. कुणी कुणाला शुक् केलं नाही. तिकीटही नव्हतं.

हे लिहिल्यावर मी थांबून परत वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की यातून तुम्ही तुम्हाला हवा तो अर्थ काढणार. काढा. पण दर्गा वेगळा आणि क्लब वेगळा, आणि माझा मुद्दा 'मला ऐकायचं कळतं' एवढाच होता.

मांडवाबद्दल. मी माझ्या लेखात पुण्यातला 'एक कार्यक्रम' म्हटलं होतं, कुठला ते लिहिलं नव्हतं आणि आजही लिहिणार नाही. विलंबित चालू असताना माझ्या मागच्या गृहस्थांनी भेळेची पुडी सोडली, नंतर त्यांचा फोन वाजला, आणि त्यांनी तो उचलून 'गाण्याला आलोय, बोल' असं सांगितलं. बोल! एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही सवाईचा झेंडा घेऊन का धावत आलात? टोपी मी हवेत टाकली होती, डोकं तुम्ही पुढे केलंत. आणि सव्वाशे खुर्च्या विरुद्ध हजारोंचा मांडव हे गणित मलाही येतं हो, पुढचं बोला.

चाळीस डॉलर. बरोबर आहे, शिवाय आत एक ड्रिंक घ्यावंच लागतं, ते वेगळं. मी क्लब सोडा घेते. जर्सी सिटीत दोघांचं जेवण आता एवढ्यात होत नाही. ज्या मॅक्स गॉर्डनने १९३५ मध्ये त्या तळघरात हा धंदा मांडला त्याच्याकडे सुरुवातीला कवी कविता म्हणायचे, जॅझ पुढे आला. तेव्हा तिथे काय घेत असतील कोण जाणे, पण भाडं तर त्यालाही होतं. म्हाताऱ्यानंतर, म्हणजे १९८९ नंतर, त्याच्या बायकोने, लॉरेन गॉर्डन बाईंनी, २०१८ मध्ये जाईपर्यंत ती जागा चालवली आणि गिऱ्हाइकांना त्यांचा धाक होता. ही 'बाई' आदराची आहे. फरक कळला ना?

तुमचा राग मला खरं म्हणजे कळतो. परदेशात राहणाऱ्याने आपल्याकडच्या गोष्टीला एक शब्द वावगा बोलला की तिकडे लगेच 'आल्या शिकवायला' होतं. मी तिथे असते तर मलाही झालं असतं. पण मग सरळ तसं म्हणा ना, 'तू तिकडे बसून इकडचं बोलू नकोस' असं तोंडावर म्हणा, मी भांडेन आणि विषय संपेल. माझ्या ऐकण्यावर कशाला जाता? तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात का त्या रात्री? तुम्हाला माहितीये का, पहिल्या सेटनंतर मी दुसऱ्याही सेटला बसले, वेगळे पैसे भरून, आणि साडेअकराला फलाटावर उभी राहिले, आणि ती रात्रीची गाडी होबोकेनचा वळसा घेऊन जाते म्हणून घरी पोचायला साडेबारा झाले, आणि सकाळी सातला फार्मसी उघडायची होती? आणि येताना गाडीत सगळा वेळ डोक्यात ट्रॉम्बोन होता, एक अक्षर सुचलं नाही? लेख मी गुरुवारी लिहिला. गुरुवारी! हे सगळं सांगायची वेळ तुम्ही आणलीत, याचा मला जास्त राग आहे.

पुढच्या वेळी नाव लावून लिहा. आणि न्यूयॉर्कला कधी आलात तर सांगा, सोमवारी नेते तुम्हाला, तिकीट माझं, ड्रिंक तुमचं. बोलायचं असेल तर मधल्या सुट्टीत.

राहता राहिले ग्लास. हे उत्तर टाकायच्या आधी काल रात्री हेडफोन लावून ते रेकॉर्डिंग परत ऐकलं, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. वाजतात. पियानो अगदी हळू होतो तिथे ग्लास वाजतात, कुणीतरी बोलतंय, कुणीतरी हसतंय, आणि लाफारो त्याच्याखाली आपला वाजवतोय. लेखातला 'पहिल्यापासून' हा शब्द काढून टाकलाय. पण भेळेच्या पुडीचा आवाज काही आला नाही. तीनदा ऐकलं.