‘कच्चा विभाग सोडा, पक्क्याला धार लावा’ हा सल्ला कॅटला चालत नाही

ऑगस्ट उजाडला की कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांत एमबीए करण्यासाठीची प्रवेश परीक्षा, देणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. कच्च्या विभागात वेळ घालवू नका, पक्का आणखी पक्का करा, एकूण पर्सेंटाइल (किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत तो आकडा) आपोआप चढेल. इंग्रजी या वयात सुधारत नाही, डीआयएलआरचं, म्हणजे आकडेवारी आणि तर्काच्या कोड्यांच्या विभागाचं, डोकं उपजतच लागतं. शेवटी पुरावा म्हणून, सीईटीचे (महाराष्ट्राच्या एमबीए प्रवेश परीक्षेचे) टॉपर असंच करतात. मी या परीक्षेचं गणित शिकवतो. या मेसेजवर विसंबलेली हुशार मुलं निकालाच्या दिवशी रडताना पाहिली आहेत, म्हणून हे लिहितोय.

पक्क्या विभागानं कच्चा भरून निघतो, हे आधी घेऊ. कॅटमध्ये इंग्रजी, डीआयएलआर आणि गणित असे तीन विभाग, प्रत्येकाला 40 मिनिटं. गणित 25 मिनिटांत संपवलं तरी उरलेली 15 मिनिटं इंग्रजीला देता येत नाहीत. शिवाय अहमदाबाद, बंगळूर, कोलकाता या आयआयएम प्रत्येक विभागाचा किमान पर्सेंटाइल वेगळा बघतात. गणितात 99 आणि इंग्रजीत 50 आले, तर एकूण आकडा कितीही देखणा असो, त्या दारातून आत जाता येत नाही.

गुणांचा हिशेबही तेच सांगतो. बरोबर उत्तराला 3 गुण, मग प्रश्न कुठल्याही विभागातला असो. 2024 मध्ये गणिताचे 22 प्रश्न होते. त्यातले 16 बरोबर येणाऱ्याला पुढचे चार मिळवायला घाम फुटतो, कारण उरलेले सगळे अवघडच असतात. पाचच बरोबर येणाऱ्याच्या हातून मात्र सोपे प्रश्नही निसटलेले असतात. 12 गुण दोघांचेही तेवढेच, कष्ट मात्र वेगळे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. कच्चं म्हणजे नेमकं काय, हे तो मेसेज विचारतच नाही. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, ‘सर, काळ-काम-वेग मला जमतच नाही.’ तिचा मॉकचा, म्हणजे सराव परीक्षेचा, कच्चा कागद मागवला. प्रश्न असा होता: एक काम अ 12 दिवसांत करतो, ब 18 दिवसांत, दोघांनी मिळून 4 दिवस केल्यावर किती काम उरलं? तिनं लसावि 36 काढला होता, रोजचं काम 3 अधिक 2 म्हणजे 5, चार दिवसांचं 20. सगळं अचूक. आणि उत्तर लिहिलं होतं 5/9, म्हणजे झालेलं काम. उरलेलं 4/9 होतं. त्या मॉकमध्ये गणिताची नऊ उत्तरं चुकली होती. चार वाचण्यातल्या घाईनं, दोन अडलेला प्रश्न हट्टानं धरून ठेवल्यामुळे, आणि फक्त तीन खरोखर येत नव्हती म्हणून. ती पुन्हा पहिल्यापासून धडा करायला निघाली होती! आम्ही त्याऐवजी एक वही घातली: प्रश्न, काय चुकलं, कुठल्या ओळीवर चुकलं. महिन्याभरात वाचण्याच्या चुका चारावरून एकावर आल्या.

इंग्रजी सुधारत नाही, हेही खरं नाही. 24 पैकी 16 प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि उत्तर उताऱ्यातच असतं. मराठी माध्यमातल्या मुलांना मी एवढंच करायला लावतो: प्रत्येक परिच्छेदानंतर थांबा आणि लेखकाचं म्हणणं मराठीत एका ओळीत लिहा. ती ओळ लिहिता आली नाही, तर परिच्छेद कळलेला नाही. मग पर्याय वाचताना ‘हे खरं आहे, पण लेखकानं म्हटलेलं नाही’ असा पर्याय लगेच डोळ्यांत भरतो.

डीआयएलआरबद्दल थोडक्यात. 2024 मध्ये पाच सेट (एकाच माहितीवरच्या प्रश्नांचे गट) होते. पहिली पाच-सहा मिनिटं फक्त सेट वाचून निवडायला द्या. मॉकनंतर सोडवलेल्या सेटइतकंच सोडलेल्या सेटकडे बघा: सोपा सेट का राहून गेला? निवड सरावानं येते, मी ती येताना पाहिली आहे.

राहिली सीईटी. तिथे 150 मिनिटांत 200 प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि एकूण गुणांवर क्रम लागतो. तिथे पक्क्या विभागावर जोर देणं काही अंशी चालून जातं, हे मान्य. पण कॅटमध्ये बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक गुण जातो आणि घड्याळ दर 40 मिनिटांनी विभाग बंद करतं. दोन्ही देणार असाल तर आधी कॅटच्या हिशेबानं तयारी करा, आणि आज रात्री मागच्या मॉकची चुकलेली उत्तरं कारणांसकट वहीत उतरवा.