न पाहिलेल्या घरासाठी पैसे पाठवायचे का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. तुमचा धाकटा भाऊ नोकरीसाठी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला येतोय आणि "घर न पाहता भारतातून डिपॉझिट पाठवू नका" हा माझा सल्ला तुम्हाला बेजबाबदार वाटला. परक्या शहरात त्याने बॅगा घेऊन कुठे जायचं, असं तुम्ही विचारलंत. शिवाय भारतीय नाव दिसलं की घरमालक उत्तरच देत नाहीत, यावर मी काहीच लिहिलं नाही, असंही म्हणालात. ही दुसरी तक्रार अगदी रास्त आहे.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. इन्सब्रुक अरुंद खोऱ्यात वसलंय. उत्तरेला नॉर्डकेटे डोंगररांगेची भिंत, दक्षिणेला पाचरकोफेल पर्वत. इन्सब्रुक ज्यात येतं त्या टिरोल प्रांताची जेमतेम १२ टक्के जमीन कायम वस्तीसाठी योग्य आहे, आणि शेती, महामार्ग, रेल्वे, हॉटेलं सगळं त्याच पट्ट्यात. त्यात विद्यापीठाचं शहर, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात घरांसाठी नुसती झुंबड. रिकाम्या ठेवलेल्या घरांवर २०२३पासून प्रांताने कर लावलाय, इतकी टंचाई आहे. आता विचार करा, ज्याच्या दारात घर बघायला रांग लागते, तो मालक कधीही न भेटलेल्या माणसाला ईमेलवर घर का देईल? मोक्याची जागा, कमी भाडं, सुंदर फोटो, मालक "सध्या परदेशात" आणि पैसे भरले की किल्ली कुरियरने: हा फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. नवख्या माणसाची घाई हेच त्यांचं भांडवल.

मग उतरायचं कुठे? महिना-दोन महिन्यांसाठी फर्निचर असलेली खोली घ्यावी, तीही शहरातच हवी असं नाही. शेजारच्या हाल गावाहून लोकलने दहा मिनिटांत इन्सब्रुक येतं. फ्योल्स, टेल्फ्स ही आसपासची गावंही चालतील. कंपनीकडे तात्पुरत्या सोयीची चौकशी आधी करावी. खोली घेताना एकच प्रश्न नक्की विचारायचा: पत्ता-नोंदणीच्या फॉर्मवर, म्हणजे मेल्डेत्सेटेलवर, सही देणार ना? राहायला आल्यापासून तीन दिवसांत ही नोंदणी करावी लागते. जो सहीला नाही म्हणतो, त्याची खोली घेऊच नये.

तात्पुरत्या खोलीचा हा खर्च परवडणारा नाही, असं तुम्ही लिहिलंत. पण डिपॉझिट साधारण तीन महिन्यांच्या भाड्याइतकं असतं. ते एकदा फसवणाऱ्याच्या हाती गेलं की परत मिळणं फार कठीण. दुसरीकडे, जुलै २०२३पासून एजंटचं कमिशन ज्याने एजंट नेमला त्यानेच द्यायचं, म्हणजे बहुतेक वेळा मालकाने. पूर्वी दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंतचा हा भुर्दंड भाडेकरूवर पडायचा.

आता नावाचा प्रश्न. हे घडतं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. जाहीरपणे देऊ केलेल्या घरासाठी वंशावरून नाकारणं ऑस्ट्रियात बेकायदेशीर आहे, तशी जाहिरात देणंही. समान वागणुकीसाठीच्या सरकारी यंत्रणेचं कार्यालय इन्सब्रुकमध्येच आहे, तिथे सल्ला विनामूल्य मिळतो. अडचण ही की उत्तरच न देण्याचा पुरावा उरत नाही. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि सगळे ईमेल जपून ठेवायला सांगा. पहिला निरोप जर्मनमध्ये असावा: नोकरी कुठे, करार कायमचा की मुदतीचा, हातात पगार किती, किती माणसं राहणार. पगाराच्या स्लिपा अजून नसतील तर कंपनीचं पत्र जोडावं. आणि शक्य तिथे फोन करावा. आपल्या माणसाला इतरांपेक्षा जास्त कागद दाखवावे लागतात, हा अन्यायच आहे. तरी घर मिळेपर्यंत हे करावंच लागतं.

करार हाती आला की सही करण्याआधी तो आर्बायटरकामरला, म्हणजे कामगार मंडळाला, दाखवावा. नोकरदार आपोआप सभासद होतो, वर्गणी पगारातूनच जाते. जुन्या इमारतींतल्या बऱ्याच घरांच्या भाड्याला कायद्याची मर्यादा असते, आणि करार मुदतीचा असेल तर ती आणखी २५ टक्क्यांनी खाली येते. मालक हे स्वतःहून सांगेलच असं नाही.

भावाचं ऑफिस कोणत्या भागात आहे आणि तो कोणत्या महिन्यात येतोय, ते कळवा. त्यावरून कुठल्या बाजूला खोली शोधावी, ते सांगते.