हेल्मेट कंपनीचं भलं कसं करायचं

पोराला यंदा परभणी-नांदेडकडच्या कुठल्यातरी चषकात लेदर बॉलवर उतरवायलात ना, मग हेल्मेट घ्यायला जायच्या आधी एवढं ऐका. पक्कं बिल अजिबात घेऊ नका. दुकानदार म्हणतो बिल केलं तर जीएसटी लागंल, तेव्हा आपणच आधी नको नको म्हणायचं, कारण बिल खिशात असलं की उद्या डोक्याला लागल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात जायची बुद्धी होते आणि 5 लाखापर्यंतच्या वस्तूला तिथं फी पण नाही, मग न जायला कारण कुठून आणायचं?

2020 च्या जुलैपासून ग्राहक संरक्षण कायदा लई खतरनाक झालाय. डिझाइनमधे खोट, बनवण्यात खोट, धोक्याची नीट सूचना नाही, यातलं काहीही निघालं तर कंपनी भरपाई द्यायला बांधील, आणि बनवणारा कोण हेच कळेना तर विकणारा सापडतो. बिचाऱ्यांना वाचवायचं असेल तर घरी आल्याबरोबर हेल्मेटची तोंडापुढची जाळी, म्हणजे ग्रिल, वाकवा. पोराला बॉल दिसंना म्हणून पान्ह्यानं दोन्हीकडचे स्क्रू ढिले करायचे, मधला गॅप असा करायचा की बॉल नाकापर्यंत आरामात आला पाहिजे. वस्तूत असा बदल केला असेल तर विकणाऱ्यावर दावाच चालत नाही, कलम 87. बापाच्या हातानं दुकानदार सुटला, किती पुण्य!

मागचं नेक गार्ड पण काढून टाका, मराठवाड्याच्या उन्हात ते कोण घालतंय. ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिल ह्यूजला 2014 मधे सिडनीत बॉल हेल्मेटच्या खाली मानेवर लागला आणि तो गेला, पण ते तिकडं, आपल्याकडं पिच स्लो असतंय.

जाहिरातीवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवा. अमेरिकेत रिडेल कंपनी सांगायची की आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या हेल्मेटनं कन्कशन, म्हणजे मेंदूला बसणारा मार, 31 टक्के कमी होतंय, 2013 मधे तिथल्या सरकारी ट्रेड कमिशननं म्हटलं की अभ्यासातून तसं काही सिद्ध होत नाही. हेल्मेट कवटी फुटू देत नाही पण दणक्यानं आतला मेंदू गरकन फिरतो तो काही पुरता थांबत नाही, असली किचकट माहिती पोराला कशाला द्यायची. चक्कर आली, उलटी झाली तर तोंडावर पाणी मारा, लिंबू सरबत पाजा आणि पुढच्या ओव्हरला परत उभं करा.

तडकलेलं हेल्मेट त्याच दिवशी भंगारात घाला, पुरावा घरात ठेवू नये. तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते, तेवढी आयोजकाच्या आश्वासनावर काढा. नंतर आयोगानं विचारलंच उशीर का झाला, तर सांगा सोयाबीन काढणी चालू होती.