आधी ओरडणाऱ्याचं फेडा

अभिनंदन! खात्यात ४०,००० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला. दहा वर्षांपूर्वी मामेभावाने विम्याची एजन्सी घेतली, तेव्हा त्याचं मन मोडू नये म्हणून तुम्ही दोन लाखांची, वीस वर्षांची मनी-बॅक पॉलिसी काढली होती. तिच्यातून दर पाच वर्षांनी विम्याच्या रकमेचे वीस टक्के परत येतात. म्हणजे पैसे तुमचेच. पण लॉटरी लागल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्यासाठीच तर आपण विमा काढतो. पाच वर्षांपूर्वीही असेच चाळीस हजार आले होते. ते कुठे गेले हे आठवत बसू नका. तुम्ही त्यांच्यावरच बसला आहात. सोफ्याचं डावं स्प्रिंग गेलंय एवढंच.

यंदा मात्र तुम्ही ठरवलंय, देणी फेडायची. उत्तम. पण कुणाचं आधी?

इथे कुणीतरी शहाणा तुम्हाला सांगेल की एक कागद घ्या, सगळी देणी लिहा, प्रत्येकापुढे व्याजाचा दर मांडा आणि ज्याचा दर सगळ्यांत जास्त त्याचं आधी भागवा. अशा माणसाला चहा पाजून वाटेला लावा. कागदावर आकडे एकाखाली एक आले की खाली रेघ मारून बेरीज करायचा मोह होतो, आणि आजवर बेरीज केल्याने कुणाचंही कर्ज कमी झालेलं नाही. झोप मात्र कमी झालेली आहे.

आपल्याकडची रीत सोपी आहे. जो जास्त ओरडतो, त्याचं आधी फेडायचं.

त्या हिशेबाने पहिला मान साडूचा. दोन वर्षांपूर्वी गाडीचं इंजिन बसलं तेव्हा त्याच्याकडून दहा हजार हातउसने घेतले होते. व्याज शून्य टक्के. पण हा माणूस पैसे मागत नाही, आठवण काढतो. मागच्या लग्नात पंगतीत तुम्ही जिलबी दुसऱ्यांदा घेतलीत, तेव्हा पलीकडून आवाज आला, "घ्या, घ्या, भाऊसाहेब, आता काय, मजेत आहे तुमचं!" चार ताटं थांबली. त्या एका वाक्याचा वार्षिक दर काढायची सोय कोणत्याही बँकेत नाही. तेव्हा देऊन टाका. दहा हजार, रोख, तेही चारचौघांत.

मग किराणावाला. तो "काही घाई नाही हो" म्हणतो, याचा अर्थ घाई आहे. साडेतीन हजार. वहीतलं पान त्याला तुमच्या देखत फाडू द्या. त्या आवाजासारखं सुख नाही. येताना थोडं तूप लिहून ठेवायला सांगा.

आता क्रेडिट कार्ड. या घरात सगळ्यांत सज्जन सावकार कोण असेल तर हा. तुम्ही त्याचे एक लाख देणं लागता, पण आवाज चढवणं नाही, टोमणा नाही. महिन्याला एक नम्र मेसेज येतो: एकूण देय १,००,०००, किमान देय ५,०००. किती समजूतदारपणा! पाच हजार भरा की महिनाभर शांतता. आता त्या पाच हजारांचं पुढे काय होतं हे बघू नये, पण बघायचंच असेल तर असं होतं: दर महिन्याला साडेतीन टक्के धरला तर व्याज झालं ३,५००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३०. उरले ८७०. तेवढं मुद्दल कमी झालं. म्हणजे लाखाचं ओझं घेऊन तुम्ही जिना चढायला निघालात आणि महिनाभराने चप्पल काढून ठेवलीत. शिवाय मागची बाकी असली की नव्या खरेदीला ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. सकाळी दुधाची पिशवी कार्डावर घेतली की तिच्यावर त्या दिवसापासून व्याज सुरू. दूध संध्याकाळी नासेल. व्याज नासत नाही.

पण तो ओरडत नाही ना? मग राहू द्या. उलट गेल्याच आठवड्यात त्याने तुमची मर्यादा दीड लाखांवर नेण्याची तयारी दाखवली. साडूने कधी दाखवली होती?

याउलट गृहकर्जात दहा हजार आगाऊ भरा असं मी आवर्जून सांगेन. त्याला वजन आहे. ऑफिसात डबा खाताना "या महिन्यात जरा होम लोनमध्ये टाकले" असं म्हणता येतं. "कार्डाचे भरले" असं म्हटलं की लोक आपल्याकडे बघून लोणच्याची बरणी जवळ ओढतात. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंडही लागत नाही. साडेआठ टक्क्यांनी तुमचे वर्षाला ८५० रुपये वाचतील. हेच दहा हजार कार्डात भरले असते तर व्याज आणि कर मिळून ४,९५६ वाचले असते, पण ते डब्याच्या वेळी सांगता आले नसते.

कर्जाची लाज वाटत असेल तर थोरल्या बाजीरावांना आठवा. सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी झिजली, अशा अर्थाचं त्यांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना कळवलं होतं, आणि स्वामी स्वतःच त्यांचे एक धनको होते. तरीही १७३७ साली पेशवे दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकलेच. तुमचं कपाळ शाबूत आहे आणि तुम्हाला फक्त दादरपर्यंत जायचंय. (ते कर्ज फौजेसाठी होतं आणि तुमचं एसीसाठी, हा फरक इतिहासकारांवर सोडा.)

राहिले साडेसोळा हजार. त्यातले पाच कार्डाच्या किमान देयाला ठेवा, सज्जन माणसाला दुखवू नये. बाकीच्यांचा फोन. चाळीस हजारांतलं काहीतरी हाताला लागायला हवंच, नाहीतर आले काय नि गेले काय. साडेअकरा आत्ता भरायचे, उरलेले नो-कॉस्ट ईएमआयवर. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ साली परिपत्रक काढून बँकांना सांगितलं होतं. पण ते बँकांना. दुकानातल्या मुलाला विचारा, तो अगदी मनापासून सांगतो की असते. फक्त प्रोसेसिंग फी वेगळी, आणि रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला नाही. हप्ता कार्डावरच पडेल. सज्जनाच्या घरी आणखी एक पाहुणा.

झाले चाळीस. एकाच आठवड्यात.

अरे हो, एक राहिलंच. चार वर्षांपूर्वी मुलाच्या क्लासची फी भरायला बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवल्या होत्या. ऐंशी हजार, दहा टक्क्यांनी. दर वर्षी आठ हजार व्याज भरून तुम्ही ते कर्ज नवं करून आणता, कारण न भरल्यास आधी नोटीस येते आणि मग पेपरात लिलावाची जाहिरात. म्हणजे हे देणंही वर्षातून एकदाच खाकरतं. आणि ती तर तेवढंही नाही. पंगतीत बोलत नाही, मेसेज पाठवत नाही. लग्नाला जाताना एक ग्रॅमवाल्या घालते. आतल्या बाजूने हिरवट पडायला लागल्यात, म्हणून रात्री काढल्या की मनगट साबणाने धुते. पॉलिसीचे पैसे आल्याचं तिला माहीत होतं. मेसेज आला तेव्हा फोन तिच्याच हातात होता. चार दिवसांनी तिने एवढंच विचारलं, "या वर्षी पण व्याजच भरायचं ना?"

हो म्हणा. पुढचे चाळीस हजार पाच वर्षांनी आहेतच.

आणि नूतनीकरणाची पावती सांभाळून ठेवायला तिच्याकडे द्या. ती सराफाची लाल मखमली डबी काढेल, ज्यात पूर्वी पाटल्या असायच्या, आणि जुन्या तीन पावत्यांवर ही चौथी घडी करून ठेवेल. झाकण नीट लागणार नाही. रबर लावा.