‘इंग्रजीच्या तासाला मराठी बंद’ म्हणणाऱ्यांना

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: इंग्रजीच्या तासाला सर-बाईंनी मराठीचा शब्द काढू नये, सगळा तास इंग्रजी बोलावं आणि पोरगं चुकलं की तिथल्या तिथं सुधारावं, म्हणजे ते फाडफाड बोलायला लागतं. मी करवीर तालुक्यात इंग्रजी शिकवतो, म्हणून राहवलं नाही.

मराठी बंद कशासाठी? १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे कॉलेजात इंग्रजी शिकवण्यावर झालेल्या परिषदेत इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावं असं सूत्र मांडलं गेलं. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ साली त्याला सरळ भ्रम म्हटलं. त्याआधीच, १९६७ मध्ये, भाषाशिक्षणाचे अभ्यासक सी. जे. डॉडसन यांनी उलटी वाट सांगितली होती: अर्थ मुलाच्या भाषेत झटकन सांगा आणि वाचलेला वेळ इंग्रजी बोलून घेण्यात घाला. ‘ऑल्दो’ समजवायला मी एकदा दहा मिनिटं हातवारे केले. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, म्हंजे ‘जरी’ व्हय?” संपला विषय. (अख्खा धडा ओळीओळीनं मराठीत सांगणारेही आहेत, त्यांची बाजू मी घेत नाही. वह्या काढा, खिडकी उघडा हे तरी इंग्रजीतच हवं.)

आता सगळा तास बोलण्याचं. तास ३५ मिनिटांचा, मुलं ४०. सरांनी २५ मिनिटं घेतली तर एकेकाच्या वाट्याला १५ सेकंद. त्यातही हातात खडू धरून “व्हॉट इज धिस?” विचारायचं. खडू आहे हे सगळ्यांना दिसतंय की! त्यापेक्षा सीबीएसवरून (मध्यवर्ती एसटी स्टँडवरून) रंकाळा तलावाला कसं जायचं ते जोडीजोडीत एकमेकांना विचारू दे, वीस जोड्या एकदम बोलतात. गोंगाट होतो, होऊ दे. आणि प्रश्न विचारून जरा थांबावं. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांना अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत दिसलं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणं कमी झालं.

चुकीचं म्हणाल तर, दर वाक्याला टोकलं की पोरगं तोंडच उघडत नाही. परवा एकजण म्हणाला, “सर, आय गो जोतिबा यस्टरडे.” मी म्हटलं, “ओ, यू वेंट टू जोतिबा! हू डिड यू गो विथ?” ‘वेंट’ त्याच्या लक्षात आलं का, सांगता येत नाही, पुन्हा ऐकवावं लागणारच. पण तो थांबला नाही. “माय आजी,” म्हणाला. ‘आजी’ला मी हात लावला नाही.