पुण्याचा दिग्दर्शक नको, वडशाचा पेटीवाला बोलवा

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय, गॅदरिंगला नाटक ठेवायचं की नाही. शाळा गडचिरोलीच्या आरमोरी तालुक्यातली, निम्मी पोरं आजूबाजूच्या गावांतून सायकलनं नाहीतर एसटीनं येणारी. एक गट म्हणतो नाटक बंद करा, त्या दिवसांत पोलीस भरतीचा क्लास घ्या. दुसरा गट म्हणजे पुण्यात सेटल झालेले आमचे दादा लोक, ते म्हणतात नाटक करा पण दर्जेदार करा, पुण्याहून दिग्दर्शक बोलवू, सात दिवसांचं वर्कशॉप घेऊ, पोरांचे उच्चार सुधारतील, स्पर्धेत नंबर येईल, नाहीतर मग तोच झाडीपट्टीचा, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, धांगडधिंगा. हे शेवटचं वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

भरतीवाल्यांचं मी समजू शकते, घरात एक नोकरी आली की काय बदलतं ते मी पाहिलंय. पण नाटकावर प्रेम आहे म्हणणाऱ्यांनी आपल्याच नाटकाला धांगडधिंगा म्हणावं?

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात करॅथाला राहते, लोहखनिजाच्या कंपनीत जिऑलॉजिस्ट आहे. पर्थ इथून 1500 किलोमीटर, तेव्हा दुर्गम भागात राहणं काय असतं ते मला दोन्हीकडचं माहितीये. इथून 40 किलोमीटरवर रोबर्न म्हणून गाव आहे, नार्लुमा, यिंजीबार्न्डी या तिथल्या आदिवासी लोकांचं. 1983 साली तिथे सोळा वर्षांचा एक मुलगा पोलीस कोठडीत मेला, तो आणि तसे आणखी मृत्यू यावरून पुढे देशभरासाठी रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं, आणि बाहेरच्यांच्या तोंडी त्या गावाचं नाव दारू, मारामारी, तुरुंग याच्यापुढे कधी गेलं नाही. बिग हार्ट नावाची नाटक-कलेची संस्था तिथे साधारण 2010 च्या सुमारास काम करायला लागली. ही मंडळी मूळची टास्मानियातल्या बर्नीची, तिथल्या कागद गिरणीतल्या नोकऱ्या गेल्या त्या काळात, 1992 मध्ये, त्यांनी सुरुवात केली. रोबर्नमध्ये त्यांनी आल्या आल्या स्क्रिप्ट नाही वाटलं, पोरांच्या हातात कॅमेरा, कॉम्प्युटर दिले, पोरांनी अ‍ॅनिमेशन केलं, नीओमॅड नावाचं कॉमिक केलं, तुरुंगात गाण्यांची वर्कशॉप झाली, आणि त्याच सगळ्या कामातून एक मोठं नाटक उभं राहिलं जे पुढे मेलबर्नला गेलं. आणि नाटक झाल्यावर ती माणसं गाशा गुंडाळून गेली नाहीत, वर्षानुवर्षं येत राहिली. सात दिवसांत काय होतं हो, सात दिवसांत पोरं तुमचं नाव तरी नीट घेतात का?

त्यांचं बघून मीही इथल्या एका छोट्या यूथ ग्रुपला मदत करते, म्हणजे शनिवारी हायएस व्हॅन घेऊन पोरांना आणते आणि पोचवते, बाकी मला काही येत नाही. तिथलं सांगते. गावात सॉरी बिझनेस, म्हणजे कुणी गेल्याचं सुतक, असलं की तालीम नाही, मग शो चार दिवसांवर असू दे. उन्हाळ्यात लॉ टाइमला, म्हणजे त्यांच्या दीक्षाविधींच्या दिवसांत, मोठी मुलं दिसतच नाहीत, फूटी कार्निव्हल, म्हणजे फुटबॉलचे सामने, असला की कुणीच नाही. यावर कुणी चिडत नाही, पुढच्या शनिवारी परत हॉल उघडतात. एक मुलगी होती, तेरा-चौदाची, कित्येक आठवडे तिनं तोंडच उघडलं नाही, नुसती साउंडच्या टेबलामागे हुडी ओढून बसायची, बटणं बघायची, तिला कुणी पुढे ये म्हणून छळलं नाही. मग एकदा स्टेजवरचा मुलगा तिच्या भाषेतला शब्द चुकला आणि ती तिथूनच ओरडली, असं नाही, माझी आजी असं म्हणते! पुढच्या आठवड्यापासून आजीच येऊन बसायला लागली, खुर्ची घेऊन, अगदी पुढे.

आता आमच्याकडे या. आमच्या झाडीत ण नाही, ळ नाही, पोरगं स्टेजवर पानी म्हणालं की परीक्षक उच्चाराचे मार्क कापतात आणि डोळ्याला डोरा म्हणालं की हॉलमध्ये हसतात. इकडे 2020 साली पर्थ फेस्टिव्हलमध्ये यिर्रा याकिन या आदिवासी नाटक कंपनीनं अख्खं मॅकबेथ तिथल्या नूंगार भाषेत केलं, जी अस्खलित बोलणारी माणसं आता फार थोडी उरलीत. त्यांनी उच्चार सुधारायला कुणाला बोलावलं नाही, ज्यांना भाषा येते त्या म्हाताऱ्यांना बोलावलं.

झाडीपट्टीत काय कमी आहे सांगा. धान घरात आलं की दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू, वडशाला नाटक कंपन्यांचे बोर्ड लागतात, नाटक रात्री सुरू होऊन पहाटे संपतं, बाया ब्लँकेट गुंडाळून लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या असतात, पेटी-तबला समोर जिवंत वाजतो. माझा मामा पेटी वाजवायचा, सीझनभर रात्री जागून सकाळी बांधावर जायचा. कुरखेड्याकडच्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच नाटकांसाठी ना? हो, मधेमधे नाचगाणी घुसवतात, विनोद कधीकधी घाण असतात, मान्य. पण पोरांना तिथून उचलून शहरी नाटकात टाकलं तर ते चांगलं होणारे का? ज्या नाटकाला त्यांचे आईबाप पाच कोस चालत जातात ते नाटक पोरांनी आपल्या हातानं करावं, आपले विषय त्यात घालावेत, वाघ, मोहफूल, बंद पडलेली बस, मोठा भाऊ हैदराबादला कामाला गेलाय ते.

एक दादा म्हणाले तिकडे पैसा आहे गं, गॅस कंपन्या देतात. देतात, रोबर्नच्या कामालाही तो पैसा होता. मग लोखंड आता आपल्या गडचिरोलीतल्या सूरजागडलाही निघतं की, मागा ना, आणि स्टेज बांधायला नका मागू, तीन वर्षं तालुक्यात राहील अशा माणसाच्या पगाराला मागा.

मग अपेक्षित होतं ते आलंच, तू तिकडे बसून शिकवू नकोस. याला माझ्याकडे उत्तर नाही. नागपूरच्या हॉस्टेलला गेले आणि महिन्याभरात पाणी म्हणायला शिकले, आता पानी फक्त आईशी फोनवर बोलताना येतं, माझ्या लेकीला तेही येत नाही, ती मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर देते. हायएसमध्ये पोरं विचारतात, आंटी, तुझी माणसं कुठली, तुझी नदी कुठली, मी वैनगंगा म्हणते आणि त्यांना ते पुरतं, पुढे विचारत नाहीत. मला मात्र पुरत नाही. त्यांची आजी पुढच्या खुर्चीत बसलेली असते तेव्हा मला हेवा वाटतो, खरंच सांगते, कारण माझी लेक चुकली तर ओरडायला तिथे कुणी नाही, आणि मी ओरडायला गेले तर मला स्वतःला खात्री नाही. म्हणून आरमोरीत तरी ते राहावं असं वाटतं, यात माझा स्वार्थ आहे असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

मुख्याध्यापक सरांना कळवलंय, यंदा पेटी, तबला आणि ऑक्टोपॅडवाल्याची बिदागी मी देते, पुढची दोन वर्षंही देईन, नाटक पोरांनीच लिहायचं आणि घरी बोलतात तसंच बोलायचं, नंबर नाही आला तरी चालेल. सर म्हणाले कमिटीपुढे ठेवतो. कमिटीवर आपल्याच शाळेचे तिघं माजी विद्यार्थी आहेत, ग्रुपवर लांबलचक मेसेज कुणी वाचत नाही म्हणून त्यांच्यासाठी हे इथे लिहिलंय.